सत्तावीस नंबरचा निरोगी माणूस

गेल्या रविवारी, तुझ्या तेराव्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास तुझ्या लॅबमधली मानसी आमच्या घरी आली. रक्कम तीनशे रुपये, रोख, पाकिटात. हजर आम्ही तिघं: मी, वैशाली आणि मानसी. ओवी क्लासला गेली होती. हे आधी लिहून टाकतो, कारण तपशील मांडल्याशिवाय माझं पुढचं काही सुरू होत नाही. तू म्हणायचीस, "नंद्या, तू लग्नाआधी वैशालीला पत्र लिहिलं असशील तर त्यातही वर 'विषय' टाकला असशील." टाकला नव्हता. पण तारीख होती.

तुझ्या संस्थेतले लोक तुझ्यावर एक छोटी पुस्तिका काढतायत. तुझं शिक्षण, पदं, शोधनिबंध हे सगळं त्यांच्याकडे आहे, ते छापतील. मला म्हणाले, भाऊ म्हणून दोन शब्द लिहा. मी तुलाच लिहितोय. पण बाकीचेही वाचणार, म्हणून तुला ठाऊक असलेलंही जरा सांगत सांगत जातो. कंटाळू नकोस.

तुझा विषय आपल्या घरात कधी नीट उच्चारला गेला नाही. आई विचारणाऱ्यांना सांगायची, "मोठी ठाण्याला लॅबमध्ये आहे." कसली लॅब, तर "रक्त-बिक्त तपासतात." सुधामावशीच्या नातवाच्या मुंजीत एका गृहस्थांनी तुला विचारलं, "डॉक्टर म्हणजे कशाच्या?" तू श्रीखंड वाढून घेत म्हणालीस, "पुरुषांच्या. मूल न होणं, लघवी तुंबणं, सगळं." ते गृहस्थ पुढच्या पंगतीला बसले. मी तुझ्यावर चिडलेलो. "इथे सांगायची गरज होती का?" तर म्हणालीस, "त्यांनी विचारलं. हृदयाची डॉक्टर असते तर त्यांनी मला ताटासकट शेजारी बसवून घेतलं असतं."

तुझ्या शेवटच्या अभ्यासाचं काम साधं होतं, असं तू म्हणायचीस. काही पुरुषांमध्ये वृषणाजवळच्या शिरा फुगतात. त्यातल्या काहींचे शुक्राणू कमी होतात, काहींचे होत नाहीत. असं का, ते शोधायचं. आजारी माणसं तुमच्याकडे भरपूर होती, ती इस्पितळातून येत. अडचण निरोग्यांची होती. ज्याला काही झालेलं नाही, ज्याला रीतसर मूल आहे, असा पन्नाशीच्या आतला माणूस वीर्य तपासायला कशाला येईल? चाळीस हवे होते. गेल्या संक्रांतीला अकरा होते, तेही संस्थेचे ड्रायव्हर आणि शिपाई. मार्चअखेर अनुदान संपणार होतं आणि तोवर चाळीस झाले नाहीत तर अभ्यास तसाच गुंडाळायचा, असं वरून आलेलं होतं.

हे तू मला तुझ्या ठाकुर्लीच्या घरी, पोहे परतता परतता सांगितलंस. म्हणालीस, "आजाऱ्यांचा आकडा कमी आहे हे मी छातीठोक सांगते. पण कशापेक्षा कमी?" मला ते लगेच कळलं. ताळेबंदात शेजारी मागच्या वर्षीचा रकाना नसेल तर यंदाचा आकडा नुसताच उभा राहतो. मी तसं म्हणालो. तू झारा माझ्याकडे रोखून म्हणालीस, "बघ, सबंध समितीत हे एवढं कोणाला कळलेलं नाही." तुझ्याकडून कौतुक क्वचित यायचं. म्हणून ते लक्षात राहिलंय.

आता डब्यांचं.

वैशालीने तुला सांगून ठेवलेलं, "ताई, ठाण्याहून येता ना, तर हळदीकुंकवासाठी वाणाला काहीतरी आणा. डब्या-बिब्या. फार महाग नको." तू "हो" म्हणालीस आणि विसरलीस. त्याच आठवड्यात तुझ्या नमुन्याच्या डब्यांचं खोकं आमच्या पत्त्यावर आलं, कारण तू दिवसभर घरी नसतेस आणि आमच्या वॉचमनला तू ओळखतेस. रविवारी दुपारी वैशालीने ते उघडलं. आत छोट्या, स्वच्छ, लाल झाकणाच्या डब्या. तिला वाटलं, ताईंनी वाण पाठवलं. मी घरात होतो, मीही बघितल्या. "चांगल्या आहेत," असं म्हणालो असेन. आम्ही दोघांनी ओवीला मदतीला घेऊन त्या सगळ्या डब्या तिळगुळाने भरल्या.

तू सहा वाजता आलीस तेव्हा हॉलमध्ये पंचवीस-तीस बायका होत्या आणि प्रत्येकीच्या हातात एकेक नमुन्याची डबी. तांबे वहिनी डबी उजेडात धरून म्हणत होत्या, "अगं, यावर मापंपण आहेत. औषधाला होईल." तू दारातच थांबलीस. चपलांच्या रॅकला धरून उभी राहिलीस आणि मला वाटलं, तुला चक्कर येतेय. मग दिसलं की तू हसतेयस. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"काय झालं हो ताई?" वैशाली.

"काही नाही गं. लाव मला हळदकुंकू."

तुला लावायचं की नाही यावरून दर वर्षी बायकांची थोडी चुळबुळ व्हायची. तुझं लग्न झालेलं नाही आणि वय चोपन्न. वैशाली दर वर्षी न बोलता लावायची. त्या दिवशीही लावलं, तुझ्याही हातात डबी ठेवली. मग तू सतरंजीवर मधोमध बसलीस आणि त्यांना सांगितलंस की ही डबी कशाची आहे.

कोणीतरी फिस्सकन हसलं. कुलकर्णी काकूंनी तोंडात टाकलेला तिळगूळ हातावर काढला. "नव्या आहेत हो काकू, सीलबंद होत्या," तू म्हणालीस, "खा खुशाल." त्यांनी विचार केला आणि खाल्ला.

मी आत, स्वयंपाकघरात, चहाचे कप मांडत होतो. मला बाहेर यायची हिंमत नव्हती, पण ऐकू सगळं येत होतं. तू कसलाही आव आणला नाहीस. चाळीस निरोगी पुरुष हवेत, अकरा मिळालेत, सुई नाही, दुखत नाही, नाव कुठे लागत नाही, जायचा-यायचा खर्च मिळतो.

"निरोगी म्हणजे कसे?" तांबे वहिनी.

"ज्यांना आपोआप मूल झालंय असे."

"मग आमचे घेऊन जा. दोन झाल्यावर तिसरं नको म्हणून माझा जीव गेला. यांच्याइतकं निरोगी डोंबिवलीत कोणी नसेल."

हसण्याने हॉल दणाणला. कुलकर्णी काकूंनी विचारलं, "आमचे चालतील का? त्र्याहत्तर पूर्ण."

"नाही हो काकू. पन्नाशीच्या आतले."

"बरं. मग त्यांच्या लघवीचं तेवढं बघता का? रात्री चारदा उठतात. वय झालं म्हणतात आणि डॉक्टरकडे जात नाहीत."

त्यावर तू हसली नाहीस. किती दिवस, धार कशी, रक्त कधी गेलं का, हे सगळं तिथेच विचारलंस आणि म्हणालीस, "वय झालं हे कारण नाही, काकू. या आठवड्यात दाखवा." त्यांनी दाखवलं. प्रोस्टेट होतं, साधं निघालं. परवा तुझ्या घरी येऊन ते काका खुर्चीत बराच वेळ बसून होते.

सगळ्या उठल्यावर एकजण मागे राहिली. नाव लिहीत नाही. तिने दबक्या आवाजात विचारलं, "पुरुषांचीपण तपासणी असते? तीन वर्षं माझ्याच सोनोग्राफ्या चालल्यात." तू म्हणालीस, "असते. आणि आधी त्यांचीच करायची असते. सोपी असते, स्वस्त असते." पुढे त्यांचं काय झालं ते मी तुला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तू मला ओवीच्या अभ्यासाबद्दल विचारलंस.

डब्या गेल्या त्या गेल्या. उघडलेली डबी तुमच्या कामाची नसते. नवं खोकं मागवावं लागलं. पण फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून आमच्या आणि शेजारच्या सोसायटीतले पुरुष एकेक करून ठाण्याला जायला लागले. कोणी कोणाला सांगत नव्हता. तांबे मला लिफ्टमध्ये म्हणाले, "जरा बँकेचं काम आहे ठाण्याला." मी म्हणालो, "माझंही." मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात चाळीस पूर्ण झाले.

त्यात मी सत्ताविसावा. नंबर मानसीने दिला. नावांची यादी तिच्याकडेच असायची, तुला ती बघायला बंदी होती, आणि ती बंदी तूच घातलेली. आंबिवलीहून रोज येणारी ही बारीकशी मुलगी तुलाही त्या कपाटाजवळ उभी राहू देत नसे, हे तू कौतुकाने सांगायचीस. त्या खोलीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. स्वच्छ होती, कडी नीट लागत होती. मी चार प्रश्नांचा कागद भरला, डबी दिली, घरी आलो. झाकण लाल होतं, त्यामुळे मला तिळगूळ आठवला, एवढंच.

अहवाल मागितला तर मिळत होता. मी मागितला, कारण मी सगळंच मागतो. आकडा कमी होता. थोडाथोडका नाही. खाली छापलेल्या किमान मर्यादेच्याही खाली. मी तो संस्थेच्या जिन्यात उभा राहून तीनदा वाचला आणि प्रवासखर्चाच्या खिडकीवर न जाता तसाच स्टेशनकडे निघालो.

मी तुझ्याकडे आलो तो थेट. तू दार उघडलंस आणि मी सांगून टाकलं, सत्तावीस नंबर माझा आणि त्याचा आकडा असा आहे.

तू आधी चिडलीस. "हे तू मला सांगायला नको होतंस. मला नंबर कळता कामा नये." मग माझं तोंड बघितलंस आणि खुर्ची पुढे सरकवलीस. महिन्याने पुन्हा तपासू म्हणालीस. ताप आला होता का विचारलंस, औषधं विचारलीस, हात लावून तपासायला सहकारी डॉक्टर बघतील म्हणालीस. ते सगळं मी केलं. आजार काही निघाला नाही. दुसरा आकडाही पहिल्याच्या आसपास आला.

"मग ओवी?" मी विचारलेलं.

"ओवी तुझं नाक घेऊन आलीय. आणखी काय पुरावा हवा तुला? अरे, कमी म्हणजे शून्य नव्हे. कमी आकड्यावरही मुलं होतात. किती जणांना होतात ते कोणाला नीट माहीत नाही, कारण ते कधी तपासायलाच येत नाहीत. म्हणून तर हा गट हवा होता."

मग आपलं भांडण झालं. माझं म्हणणं साधं होतं. चाळीस निरोग्यांची सरासरी काढताना माझ्यासारखा एक घातला तर सरासरी खाली येते. गट छोटा आहे. मला काढा. मी संमतिपत्र वाचलेलं होतं. कोणताही सहभागी कधीही, कारण न देता, बाहेर पडू शकतो. कलम मी तुला वाचून दाखवलं.

तू म्हणालीस, "कलम मी लिहिलंय, नंद्या. मला काय वाचून दाखवतोस? तुझा हक्क आहे. मानसीकडे जा, सही कर, तुझा आकडा निघेल, आणि मी का म्हणून विचारणार नाही. पण अट काय होती? आपोआप मूल झालेला माणूस. तू आहेस की नाही? आहेस. आकडा बघून माणूस काढायचा असेल तर मी घरी बसूनच सरासरी लिहिते की. तू एखादी न पटणारी एंट्री पुसली असतीस?"

"पुसली नसती. पण खाली टीप दिली असती."

"तुला सरासरीची काळजी आहे की तुझी?"

मी उठलो. चप्पल घातली. तू गॅलरीतून ओरडलीस, "छत्री राहिली!" आणि वरून फेकलीस. ती मी झेलली. एवढंच काय ते जमलं त्या दिवशी.

नंतर आपण नेहमीसारखे बोलत राहिलो. आईचं श्राद्ध झालं, ओवीचा वाढदिवस झाला. मी मानसीकडे गेलो नाही आणि तू विचारलं नाहीस. मग तू आजारी पडलीस. इस्पितळात तुला लघवीची नळी लावली तेव्हा तू त्या नर्सला म्हणालीस, "जन्मभर दुसऱ्यांच्या नळ्या मोजल्या. आता माझी नीट मोज गं, आणि तक्त्यावर लिही." ती हसली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. शेवटी शेवटी एका संध्याकाळी तू डोळे उघडून मला विचारलंस, "ठरवलंस का रे?" कशाचं, ते मला लगेच कळलं. मी म्हणालो, "घरी आलीस की बोलू." तू मान हलवलीस. मला अजून ठरवता येत नाहीये ते तुलाही कळलं असावं.

तर रविवार.

मानसी आली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "दादा, आपण जरा खाली जाऊन बोलू या का?" वैशाली चहा घेऊन येत होती. तिला काहीच माहीत नव्हतं. मानसीला त्याचा अंदाज असावा, म्हणून ती खाली चला म्हणत होती. तू शिकवलेली मुलगी आहे.

मी म्हणालो, "इथेच बोल."

"नक्की?"

"हो."

मग तिने सांगितलं. आकडेमोड आता सुरू होणार. त्याआधी यादी पक्की करायची. एका सहभागीने बाहेर पडण्याबद्दल तोंडी विचारलं होतं, तसं मॅडमनी तिला सांगून ठेवलेलं, पण सही झालेली नाही. राहायचं असेल तर राहा, जायचं असेल तर जा. "एकोणचाळीसवरही अभ्यास होईल, दादा. मॅडम नाहीत म्हणून काही करू नका. खरंच." आणि प्रवासखर्चाचे तीनशे अजून पडून होते, तेही तिने आणलेले.

वैशाली ट्रे घेऊन उभीच होती. "कोण सहभागी? तुम्ही?"

मी सांगितलं. तपासणी, आकडा, मर्यादा, दुसरा आकडा. चार-पाच वाक्यांत झालं.

ती म्हणाली, "पण ओवी आहे ना."

"ताई तेच म्हणत होती."

"मग ताईंनी बरोबरच सांगितलं." ट्रे ठेवला. "एप्रिलपासून तोंड पाडून बसला होतात ते यासाठी? मला वाटलं सोसायटीच्या ऑडिटमध्ये काहीतरी सापडलंय." मग जराशाने, मानसीसमोरच, "मला सांगायचं होतं हो." आणि साखर आणायला आत गेली. साखर ट्रेमध्ये होती.

मी मानसीला माझा मुद्दा सांगितला. तुला सांगितलेला तोच, सरासरीचा. मला वाटलं, ती तुझंच उत्तर देईल. ती म्हणाली, "ते मॅडमनी बदललंय." कधी? "मे महिन्यात. समितीकडून मंजूरही करून घेतलं. आता नुसती सरासरी द्यायची नाही. प्रत्येक माणूस आलेखावर वेगळा ठिपका म्हणून दाखवायचा, दोन्ही गटांतला. मीटिंगमध्ये म्हणाल्या, एका हिशेबनिसाशी भांडण झालं, माणूस काढायचं त्याचं म्हणणं चूक होतं, पण सरासरीच्या बाबतीत तो बरोबर होता."

मे महिन्यात, ताई. म्हणजे छत्री फेकल्यावर तीनेक आठवड्यांनी. जूनमध्ये तू आमच्याकडे आमरस खाऊन गेलीस, दोन तास बसलीस, आणि हे बोलली नाहीस. बोलली असतीस तर मला वाटलं असतं की तू मला राजी करायला सांगतेयस, म्हणून नसशील बोलली. की मी जिंकल्यासारखा चेहरा करीन म्हणून? मी तुझ्याशी यावर पुन्हा भांडलो असतो. अजूनही माझं मत आहे की आलेखाखाली एक टीप हवीच. मानसीला सांगितलंय. ती म्हणाली, "मॅडम असत्या तर नाही म्हणाल्या असत्या." मी म्हणालो, "मला माहीत आहे. तरी लिहून घे."

तिने मला फोनवर तो आलेख दाखवला, कच्चा. डावीकडे आजारी, उजवीकडे निरोगी. उजव्या बाजूला सगळ्यात खाली एक ठिपका एकटाच होता. नंबर लिहिलेला नव्हता. पण त्याच्याकडे बघून, डावीकडल्या बऱ्याच ठिपक्यांच्या रांगेत तो बसतो हे दिसत होतं. तिकडच्या कोणा पोरसवद्या माणसाला त्याचा डॉक्टर उद्या म्हणेल, तुमचा आकडा एवढा, पण हे बघा, इतक्यावरही एका गृहस्थाला मुलगी आहे. असं तू म्हणाली असतीस. तुझ्या तोंडून ऐकायला मला आवडलं असतं.

मी सही केली. राहण्यावर. वैशालीने विचारलं, साक्षीदार लागतो का? लागत नव्हता. तरी ती माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. वेलची ठेवलेली लाल झाकणाची डबी तिच्या हातात होती, चहात घालायची राहून गेलेली.

मग व्हाउचर. मी मानसीला म्हणालो, माझा प्रत्यक्ष खर्च तीनशे झालेला नाही, डोंबिवली-ठाणे कितीसं लागतं. ती म्हणाली, सगळ्यांना सारखेच असतात, मॅडमचा नियम. मग मी वाद घातला नाही. मोजून घेतले. रुपये तीनशे फक्त, रोख, प्रवासखर्चापोटी. घेणाऱ्याच्या जागी नाव लिहायचं नसतं, नुसता क्रमांक: सत्तावीस. गट: निरोगी.